लॅपटॉप रात्रभर बंद, तरी सकाळी चार्जिंग गायब! नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासून बघा

जळगाव : महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. घरातल्या पोरानं रात्री लॅपटॉप ७० टक्क्यांवर बंद करून ठेवलेला. सकाळी लाईट गेली. म्हटलं जाऊ दे, लॅपटॉपला बॅटरी आहे. बटण दाबलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात ४ टक्के. रात्रभर कोणी हात लावला नाही, मग ६६ टक्के चार्जिंग गेली कुठे?

हा अनुभव आता खेड्यापाड्यात नवीन राहिलेला नाही. सेतू केंद्र चालवणारे, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, झेडपी शाळेतले गुरुजी, एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं, सगळ्यांची हीच तक्रार. आणि सल्लाही सगळीकडे एकच मिळतो, ‘बॅटरी गेली, नवी टाक.’ तालुक्याच्या दुकानात जाऊन दोन-तीन हजार मोजले जातात. कधी कधी बॅटरी खरंच गेलेली असते. पण पुष्कळदा दोष बॅटरीचा नसतो, लॅपटॉप बंद करण्याच्या पद्धतीचा असतो. तो एक रुपया खर्च न करता दूर होतो. नवी बॅटरी टाकूनही आठ दिवसांत पुन्हा तीच रड सुरू होते, ती याच कारणानं.

माठाचं उदाहरण घेतलं तर विषय लवकर कळतो. रात्री भरून ठेवलेल्या माठातलं पाणी सकाळी कमी दिसलं तर काय काय झालेलं असू शकतं? एक, माठ थोडा झिरपला. दोन, रात्री घरातल्या कोणी तरी उठून पाणी घेतलं. तीन, माठ आतून गाळानं भरत आल्यामुळे त्यात पाणी मावतंच कमी. बॅटरीचंही तसंच आहे. फक्त लोक पहिल्याच कारणाला दोष देतात आणि खरा चोर बहुतेक वेळा दुसरा निघतो.

झाकण लावलं म्हणजे बंद झालं, असं नाही

पहिला प्रश्न हाच विचारायचा की ‘बंद’ म्हणजे नक्की काय केलं? बरेच जण काम झालं की नुसतं झाकण खाली करतात. विंडोज लॅपटॉपमध्ये झाकण लावल्यावर तो सहसा ‘स्लीप’मध्ये जातो, म्हणजे झोपतो. जुन्या लॅपटॉपची झोप गाढ असायची. सगळं थांबायचं, फक्त मेमरीला थोडी वीज मिळत राहायची. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मात्र ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाची वेगळीच झोप आली आहे. ही फोनसारखी असते. स्क्रीन काळी होते, पण आतला प्रोसेसर डुलक्या घेत असतो, काही लॅपटॉपमध्ये वायफायसुद्धा जोडलेलं राहतं, मेल येतात, अपडेट उतरतात. एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर त्याला नीट झोपूच देत नसेल तर सकाळपर्यंत बॅटरी रिकामी. वरच्या उदाहरणातल्या पोरानं बहुधा झाकणच लावलेलं असणार.

याची एक खूण आहे. झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकला, एसटीत बसलात आणि उतरताना बॅग पाठीला गरम लागली, तर तो बंद नव्हताच, आत जागाच होता. हे नुसतं चार्जिंगचं नुकसान नाही. बॅगेत हवा खेळत नाही, त्या उष्णतेनं बॅटरीचं आयुष्यच कमी होतं.

आता कोणी म्हणेल, ‘आमी तर स्टार्टमधून शट डाऊन करतो.’ बरोबर करता. पण त्यातही एक गोम आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती बहुतेक लॅपटॉपमध्ये आधीपासून चालू असते. ती चालू असताना शट डाऊन केलं तर विंडोजचा गाभा पूर्ण मिटत नाही. त्याची आहे तशी नक्कल डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती उचलून लॅपटॉप पटकन सुरू होतो. खरं तर डिस्कवर लिहून ठेवलेल्या गोष्टीला वीज लागत नाही. अडचण वेगळीच असते. अशा अर्धवट बंदमध्ये काही लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड किंवा यूएसबीचा भाग पूर्ण मिटत नाही आणि गुपचूप वीज खात राहतो. सगळ्याच लॅपटॉपमध्ये असं होतं असं नाही. पण ज्याच्यात होतं, त्याचा मालक बॅटरीवर बॅटरी बदलत बसतो.

गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ केलं की विंडोज पूर्ण मिटून नव्यानं सुरू होतं, ‘शट डाऊन’ केलं की नाही. ‘बंद-चालू करून पाहिलं, काही फरक पडला नाही, पण रीस्टार्ट केल्यावर चालू झालं’ असं अनेकजण सांगतात, त्याचं कारण हेच.

पूर्ण बंद करायची सोपी युक्ती अशी. कीबोर्डवरची ‘शिफ्ट’ कळ दाबून धरायची आणि ती धरूनच स्टार्टमधल्या ‘शट डाऊन’वर क्लिक करायचं. तेवढ्या एका वेळेपुरता लॅपटॉप पूर्ण मिटतो.

यूएसबीला काय लावलंय, तेही बघा

पुष्कळ लॅपटॉपमध्ये एक यूएसबी पोर्ट असं असतं की ज्यातून लॅपटॉप बंद असतानाही वीज मिळते. त्याच्याजवळ बारीक वीज कोसळल्याचं किंवा बॅटरीचं चिन्ह काढलेलं असतं. फोन चार्ज करायला ही सोय बरी, पण रात्री त्यात फोन लावून झोपलात तर फोन भरणार आणि लॅपटॉप रिकामा होणार, हे उघड आहे. फोन नसला तरी वायरलेस माऊसचं बटणाएवढं रिसिव्हर, नेटचं डोंगल, अंगठा घ्यायचं बायोमेट्रिक मशीन, यातलं काहीही खोचलेलं राहिलं तर थोडं थोडं खातं. सेतू केंद्रावर तर संध्याकाळी शटर ओढताना हे सगळं लॅपटॉपला लटकलेलंच असतं.

थोडं थोडं म्हणजे किती, याचा हिशेब करून बघू. साध्या लॅपटॉपची बॅटरी ४१ वॉट-तासांची धरा. ५००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास असतात, म्हणजे लॅपटॉपची बॅटरी जेमतेम दोन फोनएवढी. रात्रीच्या १० तासांत त्यातली १० टक्के चार्जिंग गेली तर ४.१ वॉट-तास गेले. १० नं भागलं की साधारण ०.४ वॉट. देवघरातला झिरोचा एलईडी दिवा यापेक्षा थोडी जास्तच वीज घेतो. इतक्या कमी ओढीनं लॅपटॉप गरमही लागत नाही, लाईटही दिसत नाही आणि १० टक्के मात्र जातात.

आता माठाचं झिरपणं. लिथियम-आयन बॅटरी काहीही न लावता नुसती ठेवली तरी तिची चार्जिंग आपोआप कमी होते. आतल्या संरक्षक सर्किटला लागणारी वीज धरून हे प्रमाण महिन्याला साधारण २ ते ५ टक्के असतं. महिन्याला ३ टक्के धरले तर दिवसाला टक्क्याचा फक्त दहावा भाग. म्हणजे एका रात्रीत १०, २०, ३० टक्के गेले तर त्याला बॅटरीचं झिरपणं हे कारण असूच शकत नाही. कोणी तरी पाणी घेतलंय किंवा माठ लहान झालाय.

एक रात्र, एक वही

हे घरच्या घरी तपासता येतं. संध्याकाळी लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. यूएसबीला लावलेलं सगळं काढा, चार्जरची पिनही काढा. शिफ्ट धरून शट डाऊन करा. टक्के आणि वेळ वहीत लिहा. सकाळी चालू केल्या केल्या टक्के बघा. सुरू होण्यातच एक-दोन टक्के जातात, ते सोडून द्या. फरक दोन-तीन टक्क्यांचाच असेल तर बॅटरी या बाबतीत निर्दोष आहे आणि दोष तुमच्या रोजच्या बंद करण्यात आहे. दुसऱ्या रात्री नेहमीसारखं शट डाऊन करा, तिसऱ्या रात्री नुसतं झाकण लावा. तीन रात्रींत चोर सापडतो.

फास्ट स्टार्टअप दोषी निघालं तर ते कायमचं बंद करता येतं. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची निळी ओळ ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’, आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’च्या समोरची खूण काढून सेव्ह. लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढाच तोटा. याच पानावर झाकण लावल्यावर काय व्हावं तेही ठरवता येतं. तिथे ‘स्लीप’च्या जागी ‘हायबरनेट’ निवडलं तर उघडलेलं काम डिस्कवर जपून ठेवलं जातं आणि वीज जवळपास लागत नाही. अर्ज अर्धा भरलेला असताना झाकण लावायची सवय असलेल्यांना हे सोयीचं. यूएसबीला बंद असताना वीज मिळू नये असं वाटत असेल तर ती सोय लॅपटॉपच्या बायोसमध्ये किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये असते. बायोसमध्ये जायची कळ कंपनीनुसार बदलते. माहीत नसेल तर तिथे उगाच बोटं घालू नका, जाणत्याकडून करून घ्या.

इतकं करूनही पूर्ण बंद केलेल्या रात्री १०-१५ टक्के जात असतील, तर मग बॅटरीकडे वळायचं.

बॅटरीचा सातबारा

विंडोजमध्ये बॅटरीची सगळी नोंद आधीपासून असते, ती कशी काढायची एवढंच माहीत नसतं. स्टार्टमध्ये सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाईप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत ‘पॉवर’ हा शब्द, त्याला चिकटून सी-एफ-जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून प्रश्नचिन्हाच्या कळेवरची तिरकी रेघ, आणि तिला चिकटून ‘बॅटरी’ व ‘रिपोर्ट’ हे दोन शब्द एकत्र. एंटर दाबलं की फाईल कुठे तयार झाली ते तिथेच दिसतं. ती फाईल ब्राऊझरमध्ये उघडा.

त्यात दोन आकडे महत्त्वाचे. ‘डिझाईन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती मावायचं, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज किती मावतं. समजा पहिला आकडा ४१,०००  आणि दुसरा २४,६०० आहे, तर माठ ६० टक्केच उरला. अशा बॅटरीवर स्क्रीन १०० टक्के दाखवते तेव्हाही प्रत्यक्षात नव्या बॅटरीच्या ६० टक्केच वीज भरलेली असते. त्यामुळे तेवढ्याच ओढीनं टक्के भराभर उतरताना दिसतात. खाली गेल्या काही दिवसांत लॅपटॉप कधी जागा होता, कधी झोपला आणि त्या वेळी बॅटरी किती होती, याचीही यादी असते. रात्री २ वाजता लॅपटॉप जागा दिसला तर दुकानात जायची गरज नाही.

जुन्या बॅटरीत आणखी एक होतं. टक्के मोजणारी चिपच चुकायला लागते, मोटरसायकलच्या पेट्रोलच्या काट्यासारखी. रात्री ५० दाखवते, सकाळी २०. चार्जिंग गेलेलीच नसते, रात्रीचा आकडा खोटा असतो. एकदा १०० टक्के भरून, वापरत वापरत अगदी तळापर्यंत उतरवून, पुन्हा न थांबता १०० टक्के भरली की काटा बऱ्याचदा जाग्यावर येतो. हे महिन्यातून वारंवार करायचं काम नाही.

चिकटपट्टीचा गुन्हा

बॅटरी आपोआप का उतरते, यावर कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरातल्या डलहौसी विद्यापीठात चांगलं काम झालं आहे. (हिमाचलमधलं डलहौसी ज्या गव्हर्नर जनरलच्या नावाचं आहे, त्याच्या वडिलांनी १८१८ मध्ये हे विद्यापीठ स्थापन केलं.) तिथल्या संशोधकांनी बॅटरीचे सेल वेगवेगळ्या तापमानाला ठेवले आणि नंतर उघडून पाहिले. सेलमध्ये दोन टोकांच्या मधे जो द्रव असतो तो पाण्यासारखा स्वच्छ असायला हवा. जास्त तापवलेल्या सेलमध्ये तो लालभडक झाला होता.

शोधत गेल्यावर कारण सापडलं ते आतल्या चिकटपट्टीत. सेलच्या आतल्या गुंडाळ्या सुटू नयेत म्हणून लावलेली ही पट्टी पीईटी प्लॅस्टिकची असते, म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लॅस्टिक. उष्णतेनं ते विरघळत जातं आणि त्यातून एक रसायन तयार होतं. त्याचे कण बॅटरीच्या एका टोकाकडून विद्युतभार घेतात, दुसऱ्या टोकाला नेऊन सोडतात आणि परत येतात. लॅपटॉप बंद, तरी आतल्या आत ही ने-आण चालूच. हे निष्कर्ष २०२३ मध्ये समोर आले. पीईटीऐवजी जास्त टिकाऊ पॉलिप्रॉपिलीनची पट्टी वापरावी असं त्यांनी सुचवलं. पट्टी बदलणं हे कंपन्यांचं काम. पण यातली उष्णतेची गोष्ट मात्र भुसावळ, रावेर, यावलच्या माणसाच्या थेट कामाची आहे.

शाळेच्या कपाटातला मे महिना

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटात दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेचे लॅपटॉप दीड महिना कपाटात असतात. काही १०० टक्के चार्ज करून ठेवलेले, काही शेवटच्या दिवशी संपेपर्यंत वापरून तसेच कोंबलेले. दोन्ही वाईट.

बॅटरीच्या माहितीत एक मोजणी नेहमी दिली जाते. साधारण ४० टक्के चार्ज करून २५ अंश तापमानात वर्षभर ठेवलेल्या बॅटरीची क्षमता ९६ टक्के उरते. तीच बॅटरी पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली तर वर्षाअखेर ६५ टक्के. न वापरता! केळीचा घड जसा उन्हात ठेवला की लवकर काळा पडतो, तसंच हे. आतल्या रासायनिक क्रिया उष्णतेनं वेग घेतात आणि बॅटरी जितकी जास्त भरलेली तितकी जास्त झीज होते.

दुसरी बाजू रिकाम्या ठेवलेल्या बॅटरीची. लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट असतो आणि ३ व्होल्टच्या आसपास आला की लॅपटॉप बंद पडतो. स्क्रीनवर शून्य दिसलं तरी थोडी शिल्लक असते. पण तशीच महिनोन् महिने पडून राहिली तर ती शिल्लकही झिरपते. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुढे चार्ज करताना आतच शॉर्ट व्हायचा धोका तयार होतो. म्हणूनच बॅटरीतलं सर्किट अशा वेळी चार्जिंग घ्यायलाच नकार देतं. जून महिन्यात ‘लॅपटॉप मेला’ म्हणून जे दुकानात येतात त्यात असेही असतात.

असा लॅपटॉप मिळाला तर त्याचा मूळ चार्जर लावून काही तास नजरेसमोर ठेवा. सर्किट आधी अगदी हळू चार्ज करून बघतं, कधी कधी बॅटरी उठते. नाही उठली तर नाद सोडा. काही जण बॅटरी फोडून सेलला बाहेरून थेट वायरी लावतात आणि ‘झटका देऊन’ जिवंत करतात. सर्किटनं दिलेला नकार हा तुमच्याच भल्याचा असतो. तो डावलून उठवलेली बॅटरी शाळेच्या वर्गात ठेवायची वस्तू नाही.

सुट्टीआधी एवढं करावं : बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास आणावी, शिफ्ट धरून पूर्ण शट डाऊन करावं, डोंगल-माऊस काढावेत, आणि लॅपटॉप पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून न ठेवता त्यातल्या त्यात गार खोलीत, खालच्या कप्प्यात ठेवावा. महिन्यानं कोणी तरी एकदा चालू करून बघावं. जुन्या मॉडेलची बॅटरी खटका सरकवून निघत असेल तर काढूनच ठेवावी.

सेतू केंद्रासारख्या ठिकाणी उलटं होतं. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच, बॅटरी कायम १०० टक्के. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कंपनीच्या ॲपमध्ये असते, ती चालू करावी. लाईट गेल्यावर थोडा वेळ कमी मिळेल, पण बॅटरी जास्त वर्षं जाईल.

जाता जाता, लॅपटॉप चालू केल्यावर रोज तारीख-वेळ मागे गेलेली दिसत असेल आणि वेबसाईट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नसतील, तर तो बहुतेक मदरबोर्डवरच्या बटण सेलचा दोष. तो सेल स्वस्तात बदलून मिळतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा सेलच नसतो, घड्याळ मोठ्या बॅटरीवर चालतं.

फुगलेली बॅटरी असेल तर थांबा

टचपॅड वर आलेलं, खालचं झाकण फाकलेलं, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, यातलं काही दिसलं तर बॅटरी आतल्या वायूनं फुगली आहे. मग टक्के मोजत बसू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. दाबून सपाट करायचा, टाचणीनं हवा काढायचा प्रयत्न तर अजिबात नको, पेट घेऊ शकते. गादी, कागद, चाऱ्यापासून लांब ठेवून दुकानात न्या.

नवी घ्यायचीच असेल तर स्वस्त आणि बिननावाची टाळा. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा आहे ते तिथल्या तिथे फोनवर दिसतं. बनवल्याची तारीखही बघा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते. बिल घ्या, आणि बसवून आणल्यावर वर सांगितलेला रिपोर्ट काढून दोन्ही आकडे जुळतात का ते पहिल्याच दिवशी बघा.

काढलेली जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, कचऱ्यात जाळू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच द्या. देण्याआधी तिच्या पितळी टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे पिशवीत किल्ली-नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाही.